टेपेवरचं गाऱ्हाणं

बसा. वीज एकदा गेली की जेवणवेळेपर्यंत यायची नाही. कंदील जरा तुमच्याकडे ओढून घ्या. बांद्याच्या मधूनं तुम्हाला भाईच्या शेवटच्या टेपेची कॉपी न्यायला पाठवलंय, आणि मी ती देणार नाही असं म्हटलेलं नाही. पण आल्या आल्या तुम्ही विचारलंत की टीव्ही भिंतीकडे तोंड करून का ठेवलाय. ते आधी सांगतो. मग टेप हवी की नको ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी शिकलेला नाही. सातवीत शाळा सोडली आणि रापणीचं जाळं ओढायला जाऊ लागलो. माझा थोरला भाऊ गुरुदास, मी त्याला भाई म्हणायचो, तो शिकला आणि मालाच्या मोठ्या बोटीवर लागला. एका खेपेला त्यानं परदेशातून हा कॉम्प्युटर आणला. वहीएवढा डबा, वर रबराची बटणं. टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटमधून आत भरायचा. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण मला सगळं पहिल्यापासूनच सांगता येतं. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डर किंचाळायचा, टीव्हीच्या कडांना पट्टे धावायचे, आणि जरा वेळानं खेळ हजर. आमच्या आईला वाटायचं आत काहीतरी जिवंत आहे आणि त्याला आम्ही छळतोय.

खेळ एका राजवाड्याचा होता. एक गडी खोल्यांतून फिरतो, किल्ल्या गोळा करतो. भाईला तो राजवाडा आवडेना. म्हणाला, ह्या घरात कोणी रांधीत नाय, कोणी झाडू मारीत नाय, असला कसला घर. मग तो रजेवर आला की चौकटीचा कागद घेऊन बसायचा, एकेक चौकोन पेन्सिलीनं काळा करायचा, त्याचे आकडे काढून कॉम्प्युटरला घालायचा. राजवाड्याच्या जागी आमचं माजघर आलं. वटवाघळांच्या जागी कोंबड्या. लोकांना ते इतकं आवडलं की बोटीवरचे दोस्त, मुंबई-पुण्याचे कॉलेजवाले, सगळे मागायला लागले. खेळाची मूळ कॅसेट ज्याची त्यानं आधी भरायची, मग तिच्यावर आमची टेप चढवायची. खेळ तोच राहायचा, खोल्या बदलायच्या.

चढवणं नाजूक असायचं. आवाज जरा कमी-जास्त झाला की सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून भाईनं युक्ती काढली. प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला तो गाऱ्हाणं घालायचा. देवळात घालतात तसंच, अगदी त्याच सुरात. "बा देवा म्हाराजा... ही टेप ज्या कोणाच्या घराक जायत, थंयसर ती पयल्याच फटक्यात भरान घे रे म्हाराजा..." आणि मी मागून म्हणायचो, "व्हय म्हाराजा." ते गाऱ्हाणं कानाला स्वच्छ लागलं की समजायचं, आवाज बरोबर आहे. पुण्यातल्या मुलांनाही ते पाठ झालं होतं म्हणे.

माझी खोड एकच. मला धीर नाही. भाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी व्हय म्हणून टाकायचो. आई ओरडायची. गाऱ्हाण्यात व्हय म्हणणं म्हणजे कबूल करणं, आधी काय मागितलंय ते ऐकावं. भाई हसायचा आणि तसंच टेपेवर राहू द्यायचा. कॉप्या करणं, टेपेच्या पाठीमागच्या दोन टिकल्या मोडणं म्हणजे चुकून कोणी वर काही भरू नये, कव्हराचे कागद कापणं, मांजरपाटात पार्सल शिवून लाख लावणं, हे सगळं माझ्याकडे. भाई म्हणायचा, कंपनी आपली, साहेब मी आणि कारखाना तू.

गेल्या पावसाळ्यानंतर तार आली. भाईला बोटीवर ताप आला, तो डोक्यात गेला. बंदर लांब होतं. त्यांनी त्याला समुद्रातच सोडलं.

आम्ही दर्भाची आकृती करून ती जाळली. माणूस नव्हता, म्हणून गवत जाळलं. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला, तो अजून आहे. आईनं मात्र एकच सांगितलं. गुरुदासाक हाक मारू नको. पाण्यात गेलेल्या माणसाला घराची दिशा कळत नाही, हाक ऐकली की तो वळतो, आणि वळला की ना घरचा ना पुढचा. त्याला जाऊ दे. हे सांगताना ती तांदूळ निवडत होती, आणि खडे टाकायचे सोडून तांदूळच टाकत होती. तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. ताटावर बसायची, दाराकडे बघायची, उठायची.

मी रॉकेल आणायला निघालो होतो, तेव्हा पोस्टातून हाक आली. परदेशी तिकिटांचं पार्सल. वर भाईचं अक्षर, माझं नाव. मी रॉकेलचा डबा तिथेच विसरलो.

आत एक टेप. बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरकडे तसाच कॉम्प्युटर होता, त्यावर भाईनं ती बनवली होती. कव्हरावर पेननं आमचं घर, पुढे माड, पुढे दर्या. टिकल्या मोडलेल्या. पार्सलही त्यानं स्वतः शिवलं होतं, टाके वाकडेतिकडे. कारखाना इथे राहिला होता ना.

दुपारी गिरणवाला जेवायला गेला. गिरण बंद झाली की आमच्याकडे विजेचा दाब जरा बरा असतो. खिडक्या लावून घेतल्या, कॉम्प्युटर जोडला, मूळ खेळ भरला आणि त्याच्यावर भाईची टेप लावली. आधी नुसती खरखर. मग भाई.

"बा देवा म्हाराजा... दर्यातसून जो गडी भायर पडलो आसा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

मी ठरवून नाही म्हटलं. तोंडातून गेलं. आणि टेपेवर नेमकी तेवढीच जागा मोकळी होती. मग भाई हसला. "रे मेल्या, पुरा तरी होव दी..." आणि हसता हसताच त्याचा आवाज तुटला आणि किंचाळी सुरू झाली. पट्टे धावायला लागले.

माझी खोड माहीत होती म्हणून त्यानं जागा सोडली होती, एवढंच. थट्टा होती. पण मला वाटलं मी बोललो आणि त्यानं ऐकलं.

दार उघडं होतं. आई उंबऱ्यावर उभी होती, हाताला पीठ.

"बंद कर तां," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी कुठे हाक मारली, तोच बोलतोय.

"ओ कोणी दिल्यान?" आई म्हणाली. "तूच दिलंस मा?"

आणि ती आत गेली.

मी बंद केलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती नव्हती, मला बघायचं होतं. खेळ उघडला. आमचं माजघर. मधोमध आतला गडी, म्हणजे तो जो आपण बटणांनी चालवतो. कोपऱ्यात आईची चूलसुद्धा होती, धूर एका टिंबाचा. त्याला मी दारातून पडवीत नेलं, तिथून खळ्यात, तिथून माडांत, माडांतून पुळणीवर. खोलीमागून खोली. शेवटची खोली दर्याची. नुसत्या वाकड्या रेघा. आणि त्यात एक दुसरा गडी उभा होता. बोटाच्या पेराएवढा. डाव्या खांद्यावर फुगवटा. भाई बोटीवरून यायचा तेव्हा त्याची पिशवी डाव्या खांद्यावर असायची, उजवा लहानपणी माडावरून पडून दुखावलेला. मी सगळी बटणं दाबली. तो हलला नाही. माझा गडी त्याच्याजवळ नेला की रेघा मध्ये यायच्या.

मी वीज बंद केली. आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. त्या डब्याला काही लक्षात राहत नाही. वीज काढली की सगळं पुसलं जातं, पुन्हा टेपेवरून भरावं लागतं. आणि टेपेवर काही बदलता येत नाही, टिकल्या मोडलेल्या. हे मला भाईनंच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी भरला, तर तो पुळणीवर होता.

मी म्हटलं, आपलीच चूक. खोली मोजताना चुकलो. पुन्हा बंद केला, पुन्हा भरला. पुळणीवरच. पण दुसऱ्या दुपारी माडांत. मी शेजारच्या शेवंतीवहिनीकडून तिचा टेपरेकॉर्डर मागून आणला, म्हटलं आमच्याच यंत्रात काही बिघाड असेल. ती म्हणाली, गाणी ऐकणार असशील तर ने, ती किंचाळी ऐकायला नको. तिच्या यंत्रावरही माडांत. दरवेळी भरताना ते गाऱ्हाणं वाजायचं आणि दरवेळी त्या मोकळ्या जागेत मी व्हय म्हणायचो. म्हणू नये ठरवून बसायचो, तरी म्हणायचो. एकदा तोंडात टॉवेल कोंबून बसलो होतो. त्या दुपारी टेप भरलीच नाही. पट्टे थांबले आणि पडदा कोरा. टॉवेल काढून पुन्हा लावली, व्हय म्हटलं, लगेच भरली. तुम्ही काय म्हणाल त्याला?

मग तो खळ्यात आला. आमच्या खळ्यात तुळस आहे, भाईनं ती चार टिंबांत काढली होती. तो तुळशीच्या अलीकडे उभा होता, तोंड घराकडे.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांद्याची एसटी पकडली.

बांद्याला मधूचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तुम्ही पाहिलंच आहे. तो भाईचा शाळेतला दोस्त, त्याच्याकडेही असाच कॉम्प्युटर. मला बघून म्हणाला, "काय रे कारखानदार, तोंड कित्याक असा सुकटासारख्या?" आणि मग त्याला आठवलं असावं, कारण चहा सांगायला तो स्वतःच उठला.

भाईनं त्यालाही टेप पाठवली होती, माझ्याबरोबरच. म्हटलं, आधी तुझी लाव. त्यानं मूळ खेळ भरला, वर टेप चढवली. तेच गाऱ्हाणं, पण त्याच्या टेपेवर मध्ये मोकळी जागा नव्हती. भाई शांतपणे पुरं बोलला होता.

"बा देवा म्हाराजा... दर्यातसून जो गडी भायर पडलो आसा... तो चलत चलत घराच्या दाराक लागतलो... तेवा आतल्या गड्यान दाराकडे उभ्या ऱ्हवान मोठा बटण दाबूचा, म्हणजे दार उघडात... दार उघडूक नाय तर तो मागे फिरतलो, आनि मगे तेका खंयच जागो नाय... तेवडी बुद्धी आतल्या माणसाक दी रे म्हाराजा..."

खेळ कसा संपवायचा ते सांगितलं होतं, बाकी काही नाही. जिवंत माणसानं केलेली थट्टा.

मधूच्या टीव्हीवर तो पिशवीवाला दर्यातच उभा होता. मधू म्हणाला, पहिल्या दिवसापासून तो तिथेच आहे, हललेला नाही. मग म्हणाला, "गुरून अर्धाच धाडल्यान रे. मी आतले आकडे सगळे काडून बघलंय. गड्याक पाय दिल्यान, दार दिल्यान, दाराचा बटणपण दिल्यान. पण चलण्याचा कायच लिवक नाय. वेळ मिळाक नसात तेका."

"म्हणजे तो चलूकच शकणा नाय?"

"कसो चलात? चलण्याचा आसा खंय?"

मी चहा तसाच टाकून उठलो. कुडाळला गाडी बदलताना माझ्या डोक्यात एकच होतं. आमचा चालतोय. मी अर्धं ऐकून कबूल केलंय, आणि तो येतोय. आता दार उघडलं तर आईनं नको म्हटलं तेच होणार, तो इथे अडकणार. नाही उघडलं तर मागे फिरणार, आणि त्याला कुठेच जागा नाही. असंही भावाचं वाईट आणि तसंही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई तुळशीकडे दिवा ठेवत होती. मी तिच्या हाताला धरून आत आणलं. सगळं सांगितलं, मधूच्या टेपेवरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मला वाटलं होतं ती डबा उचलून विहिरीत टाकेल. ती म्हणाली, दाखव.

सोमवार होता, गिरण बंद. तरी संध्याकाळचा दाब कमीच, चित्र चारी बाजूंनी आत ओढलं गेलेलं. भाईचा आवाज आला तेव्हा आईनं माझं मनगट घट्ट धरलं. मी व्हय म्हटलं. तिनं अडवलं नाही. किंचाळी, पट्टे, मग माजघर. मी गड्याला दाराशी नेलं, मग पडवीत बघायला जाणार, तर आईनं बोट दाखवलं. दाराच्या फटीत, एका टिंबाएवढ्या फटीत, पलीकडून काहीतरी काळं उभं होतं. डाव्या बाजूला फुगवटा.

आई पडद्याजवळ सरकली. खोलीत तेलाचा वास होता, बाहेर दर्याचा आवाज. मग ती म्हणाली, "पिशयेचो भार खांद्यार घेवनच उभो आसा रे... खाली ठेवक नाय ती."

मी तोंड वळवलं.

"हाक मारूक नको होती," ती म्हणाली. "पण आता दारात इललो माणूस परत कसो धाडू?"

तिनं पदर डोक्यावर घेतला. टीव्हीसमोर हात जोडले, आणि गाऱ्हाणं घातलं. बायका आमच्याकडे गाऱ्हाणं घालत नाहीत, ते मानकऱ्यांचं काम. पण तिचा सूर चुकला नाही, झील, म्हणजे लेक, म्हणतानाही नाही.

"बा देवा म्हाराजा... माझो झील लांबसून चलत घराक इलो हा... तेका घोटभर पाणी पिवंदी... घर बघंदी, भावाक बघंदी... आनि मगे तेची पुढची वाट तेका दाखय... हयसर अडकान ऱ्हवंदी नको... रे म्हाराजा..."

ह्या वेळी मी पुरं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा. शेवटचा शब्द संपला, मी श्वास घेतला, आणि मग म्हणालो, "व्हय म्हाराजा."

आणि बटण दाबलं.

दार उघडलं. दाराच्या रेघा एकामागून एक पुसल्या गेल्या, एवढंच. पिशवीवाला आत आला. चालत. पाय नीट उचलून. चुलीपाशी थांबला, मग माझ्या गड्याशेजारी. आई पुढे वाकली. तेवढ्यात दाब पडला, चित्र मिटून मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला.

आईनं त्या रात्री भात खाल्ला. आमटीत कालवून, पोटभर. दुसऱ्या दिवशी खेळ भरला तर माजघरात माझा गडी एकटा. पडवी, खळं, माड, पुळण, दर्या, सगळं रिकामं. दार उघडं. आई म्हणाली, "गेलो बरो. पाणी पिवन गेलो." तिच्या तोंडावर कळा आली. आता ती हसते, शेवंतीवहिनीशी भांडते. माझ्या लग्नाचंही बोलायला लागली आहे.

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मधूचा निरोप आला, कोणी कॉपी न्यायला येणार आहे म्हणून, आणि मी काल टेप तपासायला घेतली. कॉपी करण्याआधी ती पूर्ण ऐकायची, ही कारखान्याची शिस्त. गाऱ्हाणं, मोकळी जागा, भाईचं हसणं, किंचाळी. किंचाळी संपली की पुढे कोरी टेप असते. मी बंद करणार होतो.

कोऱ्या भागावर आईचा आवाज होता. टिकल्या मोडलेल्या टेपेवर. त्या संध्याकाळचं गाऱ्हाणं, शब्द न शब्द, आणि शेवटी माझं व्हय म्हाराजा, श्वास घेतलेला पण ऐकू येतो. मी ती उलटसुलट करून बघितली. टिकल्यांच्या जागी दोन भोकं, त्यांत काडी जाते. तेव्हाच मी टीव्ही भिंतीकडे फिरवला.

तुम्हाला हवी असेल तर वीज आल्यावर टीव्ही वळवतो आणि कॉपी करून देतो. फक्त ऐकताना आईला हाक मारू नका, ती आत रांधतेय. तिला मी हे सांगितलेलं नाही.

कारण माझ्या व्हयच्या आधी आणखी एक आहे. आईचं गाऱ्हाणं अर्ध्यावर असताना. "माझो झील लांबसून चलत घराक इलो हा..." एवढं ती म्हणते, आणि लगेच, पुढच्या वाटेचं काही ऐकून न घेता, कोणीतरी हसत म्हणतं, "व्हय म्हाराजा."